कोरड्या माशीची गोष्ट

हॉल अँड नाइटचे बीजगणित आठवते का? आमच्या पिढीतल्या पुष्कळांची झोप त्या जाडजूड पुस्तकाने उडवलेली आहे. १८८५ साली शाळांसाठीचे आणि १८८७ साली 'हायर अल्जिब्रा' निघाले, आणि आपल्याकडे बापाची प्रत मुलाने वापरावी अशा रीतीने ते वर्षानुवर्षे चालले. त्यातले हॉल म्हणजे हेन्री सिंक्लेअर हॉल, इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजातले मास्तर. पण या मास्तरांचे नाव आणखी एका इतिहासात येते हे मला उतारवयात कळले. तो इतिहास आहे मासे धरण्याच्या गळाचा! १८७९ च्या सुमारास त्यांनी बँकार्ट नावाच्या मित्राबरोबर एक अगदी लहान, हलका आणि डोक्याशी नेढे असलेला गळ तयार करवला. सुईला असते तसे नेढे. एवढ्याशा नेढ्याने काय झाले आणि ते कुठवर गेले, त्याची ही गोष्ट.

आधी थोडी तोंडओळख करून देतो, कारण आपल्याकडे गळ म्हटले की गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून काठावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ही रीत त्याहून वेगळी. ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. तो प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि पाणी जे वाहून आणील ते खातो. त्याचे आवडते खाणे म्हणजे मेफ्लाय नावाची नाजूक माशी. तिचे बालपण पाण्याखाली दगडांच्या फटीत जाते, बहुधा वर्षभर. मग एके दिवशी ती वर येते, पाण्यावरच कात टाकते, पंख वाळवते आणि उडून जाते. उडाल्यानंतरचे तिचे आयुष्य काही तासांचे, फार तर एक-दोन दिवसांचे. त्या काळात ती काही खातसुद्धा नाही, कारण खायला धड तोंडच नसते. पंख वाळेपर्यंत ती पाण्यावर तरंगते, आणि नेमकी तेव्हाच ट्राउटच्या तावडीत सापडते.

म्हणून माणसाने गळावर पिसे आणि रेशीम गुंडाळून नकली माशी केली. ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे बांधून मासे धरतात असे लिहून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका पुस्तिकेत अशा बारा माशांची वर्णने आहेत. पण या सगळ्या माशा भिजल्या की पाण्यात बुडायच्या. माशी तरंगत ठेवायची तर ती हलकी हवी आणि कोरडी हवी. १८५१ साली डेव्हन परगण्यातल्या पुलमन नावाच्या लेखकाने आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले की ओली माशी बदलून कोरडी लावा, दोरा हवेत दोन-चारदा पुढे-मागे झुलवून पाणी झटका, आणि मग माशाच्या थोडे वर ती अलगद सोडा. 'ड्राय फ्लाय' म्हणजे कोरडी माशी ती हीच.

आता हॉल मास्तरांचे नेढे कशासाठी, ते लक्षात येईल. पूर्वी गळाला रेशीमकिड्याच्या पोटातून काढलेली तात कायमची गुंडाळून बांधलेली असे. हवेत सारखी झुलवली की ती गळाजवळच तुटायची आणि तासभर खपून केलेली माशी वाया जायची. नेढे आल्यावर तात तुटली तर नवी ओवून गाठ मारली की काम झाले. भिजलेली माशी काढून दुसरी कोरडी लावणेही सोपे झाले. युक्ती आधीपासून होती, तिला लागणारे साधन आता मिळाले.

आणि त्याच वर्षी, १८७९ साली, विंचेस्टर गावात हॅमंडच्या गळाच्या दुकानात दोन माणसांची ओळख झाली. एक फ्रेडरिक हॅलफर्ड, कपड्यांच्या व्यापारातले सधन गृहस्थ. दुसरा जॉर्ज मॅरियट, ज्याला त्या काळचे लोक इंग्लंडमधला सर्वांत तरबेज गळ टाकणारा मानत. दोघांनी मिळून वर्षानुवर्षे किडे गोळा केले, ते न्याहाळले आणि त्यांच्या हुबेहूब नकला बांधल्या. १८८६ साली तरंगत्या माशांवरचे हॅलफर्डचे पहिले पुस्तक आले, १८८९ साली दुसरे. मॅरियटने लेखक म्हणून आपले नाव घालू दिले नाही. हॅलफर्डने पुढे धंदा सोडला आणि उरलेले आयुष्य याच विषयाला वाहिले.

इथपर्यंत ही अभ्यासाची गोष्ट आहे, आणि मला तिचे कौतुक आहे. पुढे मात्र जे झाले ते आपण इतिहासात वेगवेगळ्या नावांनी वाचलेले आहे. अभ्यासाची पोथी झाली. मासा पृष्ठभागावर खाताना दिसला तरच दोरा टाकायचा, त्या क्षणी जो किडा तरंगत असेल त्याचीच नक्कल लावायची, ती तरंगलीच पाहिजे, बाकी सारे कमी प्रतीचे. हॅलफर्डच्या अनुयायांनी हे नियम सोवळ्यासारखे पाळले.

जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने त्यांना प्रश्न विचारले. त्याने धरलेल्या माशांच्या पोटात काय आहे ते तपासले, तर बहुतेक खाणे पाण्याखालच्या पिल्लांचे निघाले, वर आलेल्या माश्यांचे थोडे. मग पाण्याखालची नकली माशी निषिद्ध का? १९१० साली त्याने हे पुस्तक लिहून मांडले. वाद इतका चिघळला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. ज्या इचेन नदीवर १८८३ पासून तो मासे धरत आला होता, तिथल्या सोबत्यांशीही त्याचे पटेनासे झाले आणि त्याच वर्षी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने ते पाणी सोडले. पंचावन्न वर्षांची नदी माशी तरंगावी की बुडावी यावरून सुटली. हसू येते, आणि वाईटही वाटते.

पण मला या वादापेक्षा एक दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती त्या वादात कुणी फारशी बोलत नव्हते. हे नियम कुठल्या पाण्यावर जन्मले?

हॅलफर्डच्या नद्या म्हणजे हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचेन. जमीन खडूच्या दगडाची. पाऊस त्यात मुरतो आणि झऱ्यांतून गाळून बाहेर येतो, म्हणून पाणी वर्षभर काचेसारखे आणि जवळपास एकाच तापमानाचे. पाणवनस्पती भरपूर, किडे भरपूर, मासे गलेलठ्ठ. पण नुसती निसर्गाची कृपा नव्हती ती. नदीवर पगारी राखणदार असत. ते काठचे गवत कापत, पाण्यातले शेवाळ ठरावीक वेळी काढत. मागे झाडझुडूप नसल्यामुळे दोरा मनसोक्त झुलवता येई. पाणी खाजगी आणि भाडे जबर. १८९५ साली हॅलफर्डने 'मेकिंग अ फिशरी' नावाचे पुस्तक लिहिले. नावातच सारे आले, मत्स्यक्षेत्र 'बनवायचे'! पाईकसारखे नको असलेले मासे काढायचे आणि वाढवलेले ट्राउट आणून सोडायचे. थोडक्यात ती नदी म्हणजे निगुतीने राखलेली बाग होती, आणि कोरड्या माशीचे शास्त्र हे त्या बागेचे शास्त्र होते.

आता डोळ्यांपुढे दुसरे पाणी आणा. डोंगरातला ओढा, उडी मारून ओलांडता येईल एवढा. दोन्ही काठांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या. पाणी दगडांवरून धडपडत खाली येते, मध्ये मध्ये घमेल्याएवढे डोह. इथे दोरा मागे झुलवायला जागाच नाही. काठी आखूड लागते. गुडघ्यांवर सरपटत पुढे जायचे, दोरा हवेत न उडवता पाण्यावरून लोळवत पुढे ढकलायचा, नाहीतर माशी चिमटीत धरून काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडायची. अशा ओढ्यात अन्न कमी असते. मासा वीतभर, पण त्याला चोखंदळपणा परवडत नाही. वेगात वाहत येणारी वस्तू खाण्याची आहे की नाही हे क्षणात ठरवावे लागते, आणि क्षणभर उशीर झाला की ती गेली. पानावरून पडलेली मुंगी, नाकतोडा, भुंगेरा, सगळे चालते. तेव्हा कुठल्या जातीच्या किड्याची हुबेहूब नक्कल, हा प्रश्नच इथे फारसा उरत नाही. जरा झुपकेदार, खळाळत्या पाण्यात तरंगून राहील आणि आपल्याला दिसेल अशी माशी असली की पुरे.

मग अवघड काय? तर माशाला न दिसणे! आणि याचे उत्तर हॅलफर्डच्या कितीतरी आधी, १८५७ साली, डब्ल्यू. सी. स्टुअर्ट या स्कॉटिश माणसाने देऊन ठेवले होते. तो बुडणाऱ्या माश्या वापरी, पण त्याचा आग्रह एकच होता, प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढत जा. मासा वरच्या अंगाला तोंड करून असतो, म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीमागे राहता. मासा लागला तर गळ तोंडात घट्ट बसतो. तुमच्या झटापटीने ढवळलेले पाणी खाली जाते, वरचे अजून निवांत असते. आणि माशी प्रवाहाबरोबर खऱ्या किड्यासारखी वाहत येते. माशी कशी आहे यापेक्षा माणूस कुठे उभा आहे हे महत्त्वाचे, असा त्याचा मथितार्थ. मला वाटते, मासे धरण्यापलीकडेही हे पुष्कळ ठिकाणी खरे आहे.

बागेतली विद्या रानात कशी पोचली, तेही सांगतो. अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या वायव्येला कॅट्स्किलच्या डोंगरात थिओडोर गॉर्डन नावाचा क्षयाने खंगलेला एक एकलकोंडा माणूस नेव्हरसिंक नदीकाठी राहत असे. त्याने हॅलफर्डला पत्र लिहिले आणि १८९० साली हॅलफर्डने उत्तरासोबत आपल्या माश्यांचे नमुने पाठवले. गॉर्डनच्या लक्षात आले की या माश्या इथल्या किड्यांसारख्या नाहीत आणि इथल्या खळाळात टिकायच्या नाहीत. त्याने तत्त्व घेतले आणि माश्या आपल्या पाण्यासाठी नव्याने बांधल्या. १९१४ साली, म्हणजे हॅलफर्ड वारला त्याच वर्षी, जॉर्ज ला ब्रांश या अमेरिकन लेखकाचे वेगवान पाण्यावरच्या कोरड्या माशीचे पुस्तक आले. मासा वर आलेला दिसेपर्यंत थांबायलाच हवे असे नाही, हे त्याने उघड म्हटले.

पण गॉर्डनच्या त्या डोंगरांतला मूळचा मासा तोवर बराचसा गेलेला होता. हा ब्रुक ट्राउट, पोटाशी नारिंगी, पाठीवर नागमोडी नक्षी असलेला, अतिशय देखणा. एकोणिसाव्या शतकात कातडी कमावण्यासाठी कॅट्स्किलमधल्या हेमलॉकच्या झाडांची साल काढण्याचा सपाटा चालला. (सॉक्रेटिसला दिलेले विष ते हेमलॉक वेगळे, हा एक उंच, सदाहरित वृक्ष.) साल सोलून घ्यायची आणि ओंडके तिथेच कुजू द्यायचे. ओढ्यांवरची सावली गेली, पाणी तापले, टॅनरींची घाण त्यात आली. ब्रुक ट्राउटला थंड पाणी लागते. ते तापले की त्याचा निभाव लागत नाही. मग १८८३ साली जर्मनीहून युरोपातल्या ब्राऊन ट्राउटची अंडी आणली गेली. गॉर्डनने पुढे धरले ते बरेचसे हे पाहुणे.

दक्षिणेकडे, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी पर्वतात हीच गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा घडली. लाकूड कंपन्यांनी दऱ्यांतून रेल्वेचे रूळ टाकले आणि पोचता येईल तिथवरचे जंगल उतरवले. ओढ्यांत माती आली, ऊन आले. त्या उजाड पाण्यात पश्चिमेकडचा रेनबो ट्राउट आणून सोडला गेला. १९३४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा मूळचा ब्रुक ट्राउट उरला होता तो उंचावरच्या, चढायला कठीण ओढ्यांत. जिथे धबधब्यांनी पाहुण्यांची वाट अडवली, जिथे ऱ्होडोडेंड्रॉनच्या जाळीतून माणूस धड उभाही राहू शकत नाही, तिथे!

इथे मी थोडा थांबतो, कारण या सगळ्या इतिहासातून मला जे दिसले ते हेच. ज्या फांद्यांत दोरा अडकतो त्याच फांद्यांमुळे मासा जगतो. त्या सावली देतात म्हणून पाणी थंड राहते. त्यांच्यावरून किडे पडतात म्हणून गरीब ओढ्यात खायला मिळते. त्यांच्या मुळ्यांनी काठ धरून ठेवलेला असतो आणि मुळ्यांखाली लपायला जागा असते. माणसाने आपल्या सोयीसाठी काठ मोकळे केले तिथे मासा बाहेरून आणून सोडावा लागला. जिथे गैरसोय तशीच राहू दिली, किंवा माणूस पोचलाच नाही, तिथे तो आपल्या आईबापांच्या पाण्यात जन्मत राहिला.

रानचा मासा आणि मूळचा मासा यांत फरक आहे, हेही सांगून ठेवतो. आपल्या काश्मीरमध्ये ट्राउट मूळचा नाही. इंग्रजांच्या वेळी १८९९ साली आणलेली अंडी वाटेत मेली, १९०० साली आणलेली जगली. आज तिथल्या ओढ्यांत आपोआप जन्मणारा ट्राउट रानचा म्हणता येईल, पण मूळचा नव्हे. स्मोकीच्या माथ्यावरचा ब्रुक ट्राउट दोन्ही आहे, म्हणून त्याचे मोल अधिक.

आणून सोडण्याने नदीचे भलेच होते, ही समजूतही फार काळ टिकली नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात डिक व्हिन्सेंट या शास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर मोजदाद केली, तर पाळीव मासे सोडणे थांबवलेल्या भागात रानचे मासे वाढलेले आढळले. अगदी आपल्याच अंगणात भाड्याचे पाहुणे भरल्यासारखे झाले होते! १९७४ साली त्या राज्याने रानचे ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणे बंद केले. इंग्लंडमध्येही २०१५ पासून नद्यांत सोडायचे ब्राऊन ट्राउट प्रजा होणार नाही असे वांझ असावेत, किंवा त्याच नदीच्या माशांची पैदास असावी, असे धोरण आहे. हॅलफर्डच्या बागेला शंभर वर्षांनी रानाचा नियम मानावा लागला.

स्मोकी उद्यानात ब्रुक ट्राउट धरायला १९७० च्या दशकात बंदी आली. २००२ पासून काही ओढ्यांवर प्रयोग म्हणून ती उठवून पाहिली. गळाने मासे धरल्यामुळे त्यांची संख्या लक्षणीय घटत नाही असे दिसले आणि २००६ साली बंदी उठली. माशाचा खरा वैरी काठी घेऊन सरपटत येणारा माणूस नव्हताच. तो होता सावली काढून नेणारा.

इथे घरातलाच कुणीतरी विचारील की, धरायचा आणि सोडून द्यायचा, हा काय खेळ? खायचा तर खा, नाहीतर त्या मुक्या जिवाच्या तोंडात गळ कशाला टोचता? प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे चोख उत्तर नाही. पोटासाठी मासा धरणाऱ्या माणसापुढे हा शौक मला लहानच वाटतो. पण एवढे मात्र दिसते की काँक्रीटच्या काळात एका निनावी ओढ्यावर सावली आहे की नाही, पाणी दोन अंशांनी तापले का, दगडाखाली किडे आहेत का, याची चौकशी करणारे लोक थोडे असतात, आणि त्यांतले पुष्कळसे हातात काठी असलेले असतात. ज्याला त्या पाण्यातून काही हवे असते तोच बहुधा त्यावर नजर ठेवतो. यात स्वार्थ आहे खरा, पण ओढ्याला त्याने काय फरक पडतो?

त्या ओढ्यांपुढे आता वेगळेच संकट आहे. आशियातून आलेला, कापसाच्या बोंडासारखा पांढरा दिसणारा एक चिमुकला कीटक हेमलॉकचा रस शोषून ती झाडे मारतो. २००२ साली तो स्मोकी उद्यानात आढळला. तेव्हापासून तिथले कर्मचारी झाडांना औषध देताहेत, त्या कीटकाला खाणारे भुंगेरे सोडताहेत. पण डोंगरउतारांवर हजारो हेमलॉक वाळून करडे उभे राहिले आहेत. एकदा कुऱ्हाडीने गेलेली सावली आता किड्याने जाते आहे. ऱ्होडोडेंड्रॉनची जाळी अजून शाबूत आहे. तिच्याखाली, गुडघाभर पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून तो वीतभर मासा आजही थांबलेला असतो, वरून काय वाहत येते ते पाहत.